नकाशाचा फेरफार

(दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि अट घातली आहे की गुडघे, पेन्शन आणि नातवंडं हे तीन विषय सोडून बोलायचं. म्हणजे आपल्या वयाच्या माणसाने गप्पच बसायचं! पण माझ्याकडे एक चौथा विषय आहे. पन्नास वर्षांपूर्वी भूगोलाच्या सरांना विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मला मिळायचं राहिलं होतं. ते मी माझ्या परीने शोधलं. आज ते याच शाळेत, देवपुरातच सांगून टाकावं म्हणतो.

आपल्या वर्गातला तो भिंतीवरचा नकाशा आठवतो का? कापडावर चिकटवलेला, खाली लाकडी दांडा, एका कोपऱ्यात वाळवी लागलेला. तो फार जुना होता. गोवा त्यात वेगळ्या रंगात होता आणि कुणीतरी त्यावर शाईने आपला रंग चढवला होता. वर नेपाळ आणि भूतानच्या मधे सिक्कीम होतं, तेही वेगळ्या रंगात.

मार्च १९७५ मध्ये आपण परीक्षेला बसलो. नव्या दहावीची पहिली तुकडी आपली. सरांनी घोकून घेतलं होतं, भारताची राज्यं एकवीस. तसं आपण लिहिलं. आणि निकाल लागायच्या आत, १६ मे १९७५ रोजी, सिक्कीम बाविसावं राज्य झालं. मी सरांना एकवीरेच्या देवळापाशी गाठलं. म्हटलं, "सर, आपलं उत्तर चुकलं का?" सर हसले. म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी बरोबर होतं." मग मी दुसरा प्रश्न विचारला, "सिक्कीम आपल्यात आलं म्हणजे काय सर? स्वतःहून आलं की आपण घेतलं?" सर जरा थांबले. म्हणाले, "जून लागू दे, सांगतो." जून लागला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आणीबाणी लागली. असे प्रश्न विचारायचे दिवस संपले. पुढे सर निवृत्त झाले, आज आपल्यात नाहीत. प्रश्न तेवढा माझ्याकडे राहिला.

तुम्हाला माहीत आहे, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनीच्या नोंदी केल्या. त्या नोकरीत एक गोष्ट कळली. सातबारा सगळे बघतात, फेरफार कोणी काढून बघत नाही. सातबारा सांगतो की जमीन आज कुणाची. फेरफार सांगतो की ती त्याच्याकडे कशी आली, खरेदीने, वारसाने की वाटणीने, नोटीस कुणाला गेली, हरकत कुणी घेतली, सही कुणी केली. देशाचंही तसंच आहे. भिंतीवरचा नकाशा हा सातबारा. तो आपण रोज बघतो, त्याला वंदन करतो. त्याचा फेरफार मात्र दप्तरात पडून असतो. मी राजवाडे मंडळात आणि इतर ग्रंथालयांत बसून जे वाचत आलो, ते या दप्तरातलं.

सुरुवात राज्यघटनेपासूनच करू. पहिलंच कलम. भारताच्या राज्यक्षेत्रात काय काय येतं ते तिथे सांगितलं आहे. राज्यं आहेत, संघाच्या ताब्यातले प्रदेश आहेत आणि तिसरा एक गट आहे, पुढे जे प्रदेश संपादन केले जातील ते. संपादन! हा शब्द वाचला आणि माझ्यातला महसूल खात्याचा माणूस ताडकन उठून बसला. आपल्याकडे संपादन म्हटलं की धरण, कालवा, नाहीतर महामार्ग. आणि इथे पहिल्याच पानावर लिहिलेलं की हे प्रजासत्ताक आणखी जमीन घेऊ शकतं. २६ जानेवारी १९५० रोजी आपला नकाशा पूर्ण झाला असं आपण धरून चालतो. घटना लिहिणाऱ्यांनी तसं धरलं नव्हतं.

पुढच्या पंचवीस वर्षांत चंद्रनगर, पुदुच्चेरी, दादरा नगर हवेली, गोवा, दमण, दीव आणि सिक्कीम या नोंदी झाल्या. यातली प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने झाली. फ्रेंचांच्या वसाहती सगळ्यांत नीट आल्या. चंद्रनगरच्या लोकांनी जून १९४९ मध्ये मतदान केलं आणि मोठ्या बहुमताने भारताकडे कौल दिला. पुदुच्चेरीच्या बाबतीत १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर गावी लोकप्रतिनिधी जमले. १७८ पैकी १७० भारताच्या बाजूने, ८ विरुद्ध. १ नोव्हेंबरला कारभार आपल्याकडे आला, पण कायदेशीर कबुलीजबाब पुरा व्हायला ऑगस्ट १९६२ उजाडलं. बंदूक चालवावी लागली नाही. त्या आठ जणांनी विरोध केला हेही नोंदलेलं आहे. मला ते आठ फार महत्त्वाचे वाटतात. कारण ते पुढे सांगतो.

आधी आपल्या खानदेशाबद्दल बोलू. आपल्यालाही वेळोवेळी कुणी ना कुणी 'संपादन' केलेलंच आहे. फारुकी सुलतानांची गादी आधी थाळनेरला होती, आपल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि अकबराने खानदेश घेतला. घेतला तो घेतला, राजपुत्र दानियालच्या नावावरून या मुलखाचं नावच 'दानदेश' करून टाकलं. मुलाला खेळणं द्यावं तसा एक सुभा त्याच्या नावे! ते नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांचं उत्तर.

मग १८१८. महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरचा तह झाला, त्यात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना दिला. थाळनेरचा किल्ला त्यात होता. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जनरल हिस्लॉपची फौज तिथे आली. किल्ल्यावरून गोळी सुटली, पुढे दरवाजापाशी घोटाळा झाला, इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतल्या सुमारे तीनशे माणसांना कापून काढलं आणि किल्लेदाराला फाशी दिली. तहावर सही झाली होती मंदसोरला, माणसं मेली थाळनेरला. आपण सहलीला थाळनेरला गेलो होतो, आठवतं? फारुकींची थडगी बघितली, दशम्या खाल्ल्या, तापीत पाय बुडवले. त्या तीनशे माणसांबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

भिल्लांनी इंग्रजांना सहज मानलं नाही, म्हणून १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांना ताब्यात ठेवायला भिल्लच. आणि पलीकडच्या डांगमध्ये १८४२ साली भिल्ल राजांकडून जंगल भाड्याने घेतलं, सागासाठी. तो डांग बरीच वर्षं खानदेशच्या भिल्ल एजंटाच्या देखरेखीखाली होता. १९६० मध्ये तो गुजरातकडे गेला. आजही दर वर्षी होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि त्या राजांच्या वारसांना सरकारकडून राजकीय पेन्शन मिळतं. देशभरच्या संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये बंद झाले, हे पेन्शन चालू राहिलं. जुना भाडेपट्टा किती लांबपर्यंत हात पुरवतो बघा.

या सगळ्यात खानदेशातल्या माणसाला कुणी विचारलं होतं का? नाही. साम्राज्याची ओळख हीच. त्याच्या नोंदवहीत हरकतीचा रकानाच नसतो.

आता दादरा नगर हवेली. ही कथा आपल्या मराठी दप्तरातून निघते. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७७९ मध्ये, पोर्तुगिजांशी पुण्याला तह झाला. मराठ्यांनी त्यांचं एक जहाज धरलं होतं त्याची भरपाई आणि इंग्रजांविरुद्ध मैत्री, असा मामला. त्यापोटी वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगिजांना लावून दिली. १७८३ मध्ये नगर हवेली आणि १७८५ मध्ये दादरा. तिथल्या वारली, कोकणा, धोडिया लोकांना अर्थातच कुणी विचारलं नाही. देणारे आपण होतो, घेणारे पोर्तुगीज होते आणि देण्याघेण्याची वस्तू होती त्यांची गावं.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ही गावं स्वयंसेवकांनी सोडवली. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. त्या स्वयंसेवकांत आपले सुधीर फडके होते, बाबूजी. ज्यांची गाणी ऐकत आपण मोठे झालो ते. त्यानंतरची सात वर्षं मात्र विलक्षण आहेत. तिथे पोर्तुगीज नव्हते आणि कायद्याने भारतही नव्हता. वरिष्ठ पंचायत नावाची एक सभा कारभार बघत होती. १९६१ मध्ये विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंच्या समोर सही करायला कुणीतरी पाहिजे, म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला तिथला पंतप्रधान केलं. महसूल खात्यात अशी जागा असती तर आपण सगळ्यांनीच अर्ज केला असता!

मधल्या काळात पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आमचा मुलूख आहे, तिथे जायला वाट द्या, असा दावा. म्हणजे शेताच्या वहिवाटीच्या रस्त्याचाच दावा, फक्त मोठा. भारताच्या बाजूने सेटलवाड उभे होते आणि न्यायाधीशांत आपल्या मुंबईचे छागला होते. त्या कोर्टात पेशव्यांचे कागद निघाले. १७७९ मध्ये मराठ्यांनी नेमकं काय दिलं होतं, मालकी की फक्त महसूल? कागदात शब्द होते जहागीर आणि सरंजाम. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निकाल दिला. त्यात स्पष्ट म्हटलं की मराठ्यांनी सरंजाम दिला होता, सार्वभौमत्व दिलं नव्हतं. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगिजांना तिथले धनी म्हणून मानलं, म्हणून ते धनी झाले. साध्या माणसांना आणि मुलकी अधिकाऱ्यांना वाट होती, सैन्याला नव्हती, आणि भारताने वाट अडवली यात नियमभंग झाला नाही. मोडीतला एक शब्द हेगमध्ये जाऊन उभा राहिला, हे वाचताना माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

पण त्याच रात्री दुसरा विचार आला. छाती कशाची फुगली? आपल्या पूर्वजांनी दुसऱ्याची गावं कुणाला तरी लावून दिली, त्याचा कागद पक्का निघाला याची! आपण 'मराठी साम्राज्य' हा शब्द किती सहज वापरतो. अटकेपार झेंडे म्हणताना आवाज चढतो. इंग्रजांचं ते साम्राज्य वाईट, आपलं ते चांगलं. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ नंतर दहा वर्षं बंगालवर चालून जात होत्या. बंगालमध्ये अजूनही लहान मुलांना झोपवताना बर्गी येतील अशी भीती घालतात. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे आपण. शिवाजी महाराजांनी स्वराज्य म्हटलं होतं. स्वराज्याचं साम्राज्य कधी झालं, त्या दिवसाची तारीख आपल्या पुस्तकात नव्हती. पण चौथाई भरणाऱ्याला ती ठाऊक होती.

आता गोवा. इथे मी तुमच्याइतकाच अभिमानी आहे. पोर्तुगालने १९५१ मध्ये वसाहत हा शब्दच काढून टाकला आणि गोव्याला 'सागरपारचा प्रांत' म्हणायला सुरुवात केली. नाव बदललं की साम्राज्य दिसेनासं होतं अशी युक्ती. सालाझारच्या राजवटीत गोव्याच्या माणसाला मोकळेपणाने बोलायचीसुद्धा सोय नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून गेलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसं मेली. मधु लिमयांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गेलं आणि दीड दिवसात काम झालं. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला, अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, तुर्कस्तान पुढे झाले. रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला.

सैन्य गेलं हे बरोबरच झालं असं माझं मत आहे. पण माझ्या दृष्टीने गोव्याची खरी तारीख १९६१ ची नाही, १६ जानेवारी १९६७ ची आहे. गोव्याने महाराष्ट्रात यायचं की केंद्रशासित राहायचं यावर त्या दिवशी मतदान झालं. चिन्हं दोन. फूल म्हणजे महाराष्ट्र, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. मुख्यमंत्री बांदोडकर विलीनीकरणाचे पुरस्कर्ते. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून त्यांचं मंत्रिमंडळ आधी पायउतार झालं. निकाल लागला. महाराष्ट्राच्या बाजूने १,३८,१७०, वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. आपण ३४,०२१ मतांनी हरलो.

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आमच्या घरी रेडिओजवळ बसलेल्या मोठ्या माणसांचे उतरलेले चेहरे मला आठवतात. "आपलेच लोक, आपलीच भाषा, आणि नको म्हणाले!" असं सगळे म्हणत होते. मोठेपणी वाचलं की विलीनीकरणाविरुद्धची मोहीम ज्या 'राष्ट्रमत' दैनिकाने चालवली ते मराठीत निघत होतं. मराठीतच लिहून ते सांगत होते की आम्हाला महाराष्ट्रात यायचं नाही. आणि दोन-अडीच महिन्यांत निवडणूक झाली तेव्हा त्याच लोकांनी त्याच बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. माणूस हवा होता, विलीनीकरण नको होतं. विचारल्याशिवाय हे कसं कळलं असतं? घरातल्या माणसांना तो पराभव वाटला. मला आता वाटतं, प्रजासत्ताकाने नकाशाच्या बाबतीत केलेलं ते सगळ्यांत चांगलं काम होतं. विचारलं, नाही ऐकलं आणि ऐकून घेतलं. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झालं.

आता सरांना विचारलेला प्रश्न. सिक्कीम.

१९५० च्या करारानुसार सिक्कीमचं संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण भारताकडे होतं. गादीवर चोग्याल. तिथे तीन-चतुर्थांशाच्या आसपास लोक नेपाळी वंशाचे, पण जागांची वाटणी अशी की बहुसंख्याकांना त्यांच्या संख्येचं वजन मिळत नव्हतं. १९७३ मध्ये लोक रस्त्यावर आले, ते खरोखरच आले होते. राजा विरुद्ध प्रजा हा झगडा कुणी बाहेरून आणून ठेवलेला नव्हता. इथपर्यंत माझं मन स्वच्छ आहे.

पुढच्या तारखा वाचा. ९ एप्रिल १९७५ रोजी भारतीय सैन्याने राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांची शस्त्रं काढून घेतली, त्यात एक पहारेकरी मारला गेला. १० एप्रिलला विधानसभेचा ठराव. १४ एप्रिलला सार्वमत. म्हणजे नोटीस चार दिवसांची. आणि डोंगराळ मुलूख, पायवाटांनी जोडलेली गावं. मतपत्रिकेवर दोन प्रश्न एकत्र बांधलेले: राजेशाही जावी आणि सिक्कीम भारताचा घटक व्हावा, मान्य आहे का? ज्याला राजा नको पण विलीनीकरणही नको, त्याने शिक्का कुठे मारायचा? निकाल ५९,६३७ विरुद्ध १,४९६. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, पंतप्रधानपदी असताना मोरारजी देसाईंनी उघड म्हटलं की ते विलीनीकरण चुकीचं होतं, मात्र आता ते फिरवता येणार नाही.

लोकांना भारतात यायचं होतं का? बहुधा बहुतेकांना होतं. आज सिक्कीमचा माणूस तुमच्या-माझ्याइतकाच भारतीय आहे, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. माझा मुद्दा कागदाच्या पद्धतीचा आहे. तो का टोचतो, ते सांगायला मला माझीच एक नोंद तुमच्यासमोर काढावी लागेल.

मी तलाठी होऊन तीन-चार वर्षं झाली होती. एका गावी दोन भावांनी बहिणीचं हक्कसोडपत्र आणून दिलं. अंगठा होता, साक्षीदार होते. मी फेरफार लिहिला. नोटीस बहिणीच्या नावे काढली, पत्ता भावांनी दिला तो, आणि घेतली भावानेच. पंधरा दिवसांत हरकत आली नाही. नोंद प्रमाणित झाली, सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं. माझं काही चुकलं नव्हतं. सगळं नियमात होतं.

सात-आठ वर्षांनी एक बाई चावडीवर आली. नवरा वारला होता, माहेरच्या शेतात आपला वाटा असेल म्हणून उतारा मागायला आली होती. मी वही काढून दाखवली. म्हटलं, मावशी, अंगठा तुमचाच आहे. तिने बघितलं आणि म्हणाली, "अंगठा मनाच शे भाऊ. पन माले कोनी इचारं का?" भावाच्या लग्नाच्या गर्दीत कुणीतरी कागद पुढे केला होता, तिने अंगठा उठवला होता. मी तिला प्रांतांकडे अपील करायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उताऱ्याचा कागद घडी करून कमरेला खोचला आणि गेली. अपील तिने केलं नाही. पुढे मंडळ अधिकारी झाल्यावर मी एक नियम केला. हक्कसोडीची नोंद असली की बहीण स्वतः समोर आल्याशिवाय, आणि भाऊ बाहेर उभे असल्याशिवाय, सही करायची नाही. अनेक भावांनी मला शिव्या घातल्या. पण त्या बाईचं नाव मी परत लावू शकलो नाही.

सिक्कीमचे आकडे वाचले तेव्हा ती बाई आठवली. अंगठा खरा, साक्षीदार खरे, आणि तरीही एक प्रश्न उरतो. म्हणून पुदुच्चेरीचे ते आठ मला महत्त्वाचे वाटतात, गोव्याचे ते पावणेदोन लाख महत्त्वाचे वाटतात. सिक्कीमचे १,४९६ सुद्धा. ज्या वहीत हरकत लिहिलेली सापडते, त्या वहीवर विश्वास ठेवता येतो.

हे आपल्याच देशाचं आहे असं नाही. अमेरिकाही प्रजासत्ताकच. १८९८ मध्ये तिने स्पेनकडून फिलिपाइन्स २ कोटी डॉलर देऊन घेतलं, पोर्तो रिको आणि ग्वाम घेतलं. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, पण तिथे राहून त्यांना आजही राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी मत देता येत नाही. आपल्यापैकी कितीजणांची मुलं तिकडे आहेत! त्यांनी घरात लावलेल्या अमेरिकेच्या नकाशात पोर्तो रिको आहे का, विचारून बघा. हवाईची राणी १८९३ मध्ये पदच्युत झाली, आणि शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकेच्या संसदेने ठराव करून हवाईच्या मूळ लोकांची माफी मागितली. जमीन परत दिली नाही, पण फेरफार चुकीचा होता हे वहीत लिहिलं. तेही थोडं नाही.

आणि आपल्याही वहीत एक पान असं आहे की ते मी नातवाला दाखवतो. घेण्याचं कलम घटनेत आहे, देण्याचं नाही. बेरुबाडीच्या प्रकरणात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती करावी लागेल. म्हणजे घेणं सोपं आणि देणं अवघड. तरीही १६ मे १९७४ रोजी बांगलादेशाशी सीमाकरार झाला आणि एक्केचाळीस वर्षांनी, २०१५ मध्ये, तो पुरा झाला. आपली १११ बेटासारखी तुटक गावं त्यांच्याकडे गेली, त्यांची ५१ आपल्याकडे आली. आपण १७,१६० एकर दिले आणि ७,११० एकर घेतले. मोजणीत दहा हजार एकर कमी झालो! पण त्या गावांतल्या प्रत्येक माणसाला विचारलं गेलं, तुला कुठला नागरिक व्हायचंय? साधारण नऊशे माणसं सामान घेऊन भारतात आली, बाकीची आपल्या घरी राहिली. त्या पोरांना तोवर शाळेत नाव घालायला देश नव्हता.

तर सर, तुमच्या प्रश्नाचं, म्हणजे मी तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे हे असं निघालं. सिक्कीम स्वतःहूनही आलं आणि आपण घेतलंही. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही लिहायला हवं. प्रजासत्ताकाने कधी बळ वापरलंच नाही असं म्हणणं खोटं आहे. त्याला साम्राज्य म्हणून मोकळं होणं हेही तितकंच सोपं आणि खोटं आहे. फरक हरकतीच्या रकान्याचा आहे. तो रकाना गोव्यात आपण भरला, सिक्कीममध्ये घाईत भरला, आणि थाळनेरला तो नव्हताच.

आपल्यातले काही जण अजून शिकवतात, काहींच्या सुना-मुली शिक्षिका आहेत. त्यांना माझी एवढी विनंती. वर्गात नकाशा लावाल तेव्हा एखाद्या तासाला त्याचा फेरफारही काढा. मुलांना थाळनेरला नेलं तर दशमी खाण्याआधी त्या तीनशे माणसांबद्दल दोन वाक्यं सांगा. मुलं देशावर कमी प्रेम करतील अशी भीती बाळगू नका. त्या बाईचं नाव गेल्यावर माझं माझ्या वहीवरचं प्रेम कमी झालं नाही, मी ती जास्त जपून लिहायला लागलो.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. बाहेर जेवणाची तयारी झाली आहे, भरीत-भाकरीचा वास येतोय, आणि त्यापुढे माझा काही टिकाव लागणार नाही. जाता जाता एकच. आपल्या वर्गातला तो जुना नकाशा कुठे गेला, मी शाळेत विचारलं. कुणाला माहीत नाही. कुणी घरी नेऊन ठेवला असेल तर आणून द्या. शाईने रंगवलेल्या गोव्यासकट तो पुन्हा भिंतीवर लागला पाहिजे, आजच्या नकाशाच्या शेजारी. मुलं विचारतील, हे असं का? तेव्हा त्यांना जून लागेपर्यंत थांबायला सांगू नका.